समोरच्याची भिंत

४ मार्च, रविवार
स्वतःच्या फ्लॅटमधला पहिला रविवार. हक्काचा! आजवर सगळं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसत, त्यामुळे आई गेल्यापासून तिचा फोटो बाबांच्या कपाटावर टेकवलेला. पंचवीसला बाबा तो घेऊन येणार. आपल्या हॉलमध्ये मी स्वतःच्या हातानं लावणार. पक्कं.

५ मार्च
समोरच्या फ्लॅटवाल्याशी ओळख झाली. तोही नवाच. दाराला चॉकलेटी पॉलिश, वर गोल दिवा, खाली हिरवं पायपुसणं. ठीक आहे. मला काही वाटलं नाही.

५ मार्च, संध्याकाळ
हिरवं पायपुसणं आणलं. हिरवा रंग मला पहिल्यापासून आवडतो.

११ मार्च
गोल दिवा लावून घेतला. दारही चॉकलेटी. ही म्हणाली, आता आपलं दार कोणतं तेच कळत नाही. म्हटलं, उठून दिसतं ते आपलं.

१४ मार्च
समोरच्यानं शेल्फ लावलं. एकट्यानं. तेही ऑफिसच्या दिवशी! आमच्या कन्येचं सुरू झालं, काकांचं शेल्फ जराही हलत नाही. न हलणं हे शेल्फचं कामच आहे, त्यात कौतुक कसलं?

१८ मार्च
नवं ड्रिल आणलं. समोरचा स्वतःचं देत होता. उपकार नकोत.
पहिलं भोक जरा मोठं झालं. दुसरं त्याच्या शेजारी पाडलं, तर दोन्ही एक झाली. भिंतच भुसभुशीत! बिल्डरनं चक्क फसवलंय. ही म्हणाली, समोरची भिंतही त्याच बिल्डरची आहे. असेल. त्याला चांगली भिंत मिळाली असणार. माणूस वशिल्याचा दिसतो.

२१ मार्च
मी कुणावर जळत नाही. तो माझा स्वभावच नाही. पण त्याच्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं आणि आमच्यात कपडे दुपारपर्यंत ओले, हा काय न्याय झाला?

२४ मार्च
भोकात आता मूठ जाते. ही म्हणाली, समोरच्यांना बोलवा हो एकदा. म्हटलं, आई माझी, फोटो मी लावणार, तो कोण लागून गेलाय? ती झाडू घेऊन आली.
बाबांना फोन केला. सांगितलं, नंबरबिंबर शोधू नका, पाचवा मजला, चॉकलेटी दार, गोल दिवा, हिरवं पायपुसणं. उद्या सकाळी पुट्टी आणली की विषय संपला.

२५ मार्च
आम्ही तिघं पुट्टी आणायला गेलो आणि बाबा लवकरच्या बसनं आले. लिफ्टमधून उतरले, खुणा पाहिल्या, बेल दाबली. समोरची.
समोरच्यानं त्यांना बसवलं, चहा दिला, येतीलच इतक्यात म्हणाला. बाबांना वाटलं, हा माझा मित्र, घर सांभाळतोय. भिंतीवर एक रिकामा हुक होता. बाबांनी फोटो लावून टाकला. बिचारा समोरचा काय बोलणार!
आम्ही पोचलो तेव्हा त्याचं दार उघडं होतं. बाबा आत फोटोपुढे उभे, डोळे पुसत. मला म्हणाले, शाब्बास रे. शेवटी तिला भिंत दिलीस.
मी पुट्टीची पिशवी पाठीमागे धरली. हिची मान खाली. शेवटी कन्येनंच सांगितलं, आजोबा, आपलं घर ते पलीकडचं.
बाबा आमच्याकडे आले. भिंत बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, इथे पाडकाम कशासाठी काढलंय?

२८ मार्च
बाबा परत गेले. जाताना म्हणाले, तुझ्याकडे हुक टिकेपर्यंत ती राहू दे तिथेच, पुन्हा कपाटावर नको. समोरचा म्हणाला, काही घाई नाही, काका. म्हणे काका!
येत्या रविवारी लावणारच.

१ एप्रिल, रविवार
पुट्टी पडली.
समोर जाऊन आलो. सहज. फोटो अगदी सरळ आहे. बोटानं ढकलून पाहिला, हलत नाही. त्यानं चहा विचारला, म्हणून बसलो. तो पलीकडच्या खुर्चीत.
आई त्याच्याकडे बघत होती. कौतुकानं.