घमेल्याखालचा ठसा

राजूर,
ता. २१ ऑक्टोबर १९३७

चिरंजीव आबाराव यास,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. ज्वारीची पेरणी आटोपली. गणपतीच्या देवळाची खचलेली पायरी एकदाची बसवली. माझी पेन्शन वेळेवर येते. शाळा सोडली तरी गावातल्या पोरी मला बघून अजून पदर सारखा करतात. तू सिकंदराबादेस रेल्वेत आहेस आणि तुला मुलगी झाली, हे मला, सख्ख्या बहिणीला, बाहेरून कळलं. 'बाहेरून' हा शब्द लिहायला नको होता. पण लिहिला तो खोडत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात पाखरांची पाहणी करणारे एक गृहस्थ हैदराबादेहून आले होते. भोकरदनच्या बंगल्यावर उतरले होते. मी आपण होऊन भेटायला गेले. कॉलेजात शिकलेलं प्राणिशास्त्र या मुलखात आणखी कुणाशी बोलणार? ते माळढोकांच्या मागावर होते. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. मग ती जगते किती वर्षं? हे कळलं, तर दर साल किती पाखरं मारली म्हणजे माळ रिकामा होईल ते सांगता येईल, आणि अंड्यांच्या महिन्यांत शिकार बंद करा असं सरकारला म्हणता येईल. पण ते कुणालाच ठाऊक नाही. "बाई, रानातल्या पाखराची जन्मतारीख कोण लिहून ठेवतं?" असं ते म्हणाले.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या माळावरच्या तळ्याकाठी मला एका मादीची पावलं सापडली आहेत. माळढोकाच्या पायाला तीनच बोटं, तिन्ही पुढे. हिच्या एका पायाचं एक बोट अर्ध्यावर तुटलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात दिसली, यंदाही दिसली, आणि यंदा मागे पिल्लू आहे. मी चिखलात गुडघे टेकून मोजमाप घेत असले की धनगराची साखराबाई मेंढरं थांबवून माझ्याकडे बघत राहते. "बाई, लोकं पाखरू खायला धरतेत. तुमी नुसते पाय बघून राह्यल्या."

तुटलेलं बोट बघून मला तुझी आठवण झाली. का, ते तुला सांगायला नको.

गृहस्थांना कळवलं. त्यांचं उत्तर रोखठोक होतं: बोट फाशातही तुटतं. ज्याने गोळी घातली त्याने, आधी कुणी काही न सांगता, पाय आणि बोट बरोबर सांगितलं तरच ते पाखरू तेच असं धरता येईल. म्हणून मी पाय लिहीत नाही, बोटही लिहीत नाही. तूच कळव. कोणता पाय, कोणतं बोट, कोणता दिवस. ते बोट तू रुमालात बांधून आणलं होतंस. मी तेव्हा पाहिलं नाही. पाहण्यासारखी वेळ नव्हती.

आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नकोस. चुकीच्या उत्तरापेक्षा उत्तर न आलेलं बरं. त्याची मला सवय आहे.

तुळजाबाई


राजूर,
ता. १४ नोव्हेंबर १९३७

आबा,

कार्ड मिळालं. 'डावा पाय, बाहेरचं बोट. ती मेली असं समजत होतो.' बस, एवढंच.

बरोबर आहे. डावा पाय, बाहेरचं बोट. मी ते कार्ड तळ्यापाशी नेलं आणि ठशाशेजारी धरून वाचलं. साखराबाई म्हणाली, "मंग लिवा की त्याला, जित्ती हाये म्हणून." लिहिते आहे.

दिवस तू लिहिला नाहीस. मला तो विचारायची गरजच नव्हती. आश्विन वद्य अष्टमी, शके १८४६; तेरा वर्षं झाली. आप्पा गेले, तू-मी बापाविना झालो, तो दिवस. तुला सकाळी भोकरदनहून डॉक्टर आणायला पाठवलं होतं. वाटेत तुला माळढोक दिसला आणि तू बंदूक घेऊन त्याच्या मागे गेलास. डॉक्टरांना घेऊन तू दिवेलागणीला आलास, तोवर आप्पा गेले होते. मी उंबऱ्यातच म्हणाले, "पाखरासाठी बरा वेळ मिळाला तुला." अस्थी गोळा केल्यास आणि गेलास, तो गेलासच.

आता ऐक. या भाद्रपदात साखराबाई हिवतापाने पडली होती. तिच्यासाठी क्विनाईन आणायला मी भोकरदनला गेले. परतताना माळावर तीच मादी दिसली, पिल्लासकट. जरा बघून येते म्हणून छकड्यातून उतरले. ती थोडं चालायची, मान वर करून थांबायची, पुन्हा चालायची. पिल्लू तिच्यासारखंच थांबत होतं. ते ती शिकवते की त्याला उपजत येतं, हे मला बघायचं होतं. मागून गाडीवान कडूबा हाका मारत होता. मला त्या ऐकू येत होत्या, आबा. मी थांबले नाही.

साखराबाईच्या दारात पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि पुडी माझ्या कनवटीला होती. साखराबाई वाचली. "कुठं गेल्त्या बाई?" एवढंच तिनं विचारलं. मी पुडी सोडून तिच्या हातात ठेवली. तुला तरी त्या दिवशी काय सांगता आलं असतं?

डॉक्टर दुपारी आले असते तर आप्पा वाचले असते का, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं. माहीत असल्यासारखी बोलले मात्र.

गृहस्थांना तारीख मी कळवली आहे. साक्षीदार म्हणून आपल्या दोघांची नावं घातली. मादी तेव्हाच पुरी वाढलेली होती, म्हणजे आज तेराच्या वरची, आणि अजून अंडं घालते. त्यांना याचं फार नवल वाटलं. मलाही वाटतं.

तळ्याकाठचा चिखल वाळून कडक झाला आहे. ठसा मेंढरांच्या खुरांखाली जाऊ नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवला आहे. तुझ्या मुलीला दाखवण्यासारखा आहे. घमेलं साखराबाईचं. ती रोज परत मागते. तिला सांगितलं आहे, माझा भाऊ बघून जाईपर्यंत मिळायचं नाही.

तुझी,
अक्का