सर्दी गेली की टोचू

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
कराडला आले एकदाची! कोयनानगरच्या कॉलनीतून कुठं जायचं म्हटलं की घाटातच पोटात ढवळायचं. इथं खिडकीतून सरळ हायवे दिसतो. लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टरची नोकरी, आवारातच दोन खोल्या. आठ महिन्यांच्या प्रबुद्धला सांभाळायला सासूबाई, येसूबाई, सोबत आल्यात. डॉक्टर भरतेश सांगलीचे, तोंडाने तिखट, हाताने हलके. प्रबुद्धला पाहताच म्हणाले, मेंदूज्वराची नवी लस आली आहे, आधी याला टोचून घ्या, किरकोळ सर्दीने काही बिघडत नाही. सासूबाई नको म्हणाल्या. मलाही तेच बरं वाटलं. नाक वाहायचं थांबू दे, पुढच्या सोमवारी बघू.

६ नोव्हेंबर
कडेगावची पायल दाखल झाली, दहा महिन्यांची. ताप, झटके, टाळू फुगून ताठ. आजी बनाबाई सांगत होत्या, चार दिस झालं, गावात इंजेक्शन दिलं की उतरतोय, परत चढतोय. पाठीतलं पाणी तपासायला काढायचं म्हटल्यावर त्यांनी पोर उराशीच धरली. पाणी काढलं की पोर लुळं पडतं म्हणे! समजावण्यात दुपार गेली. पाणी आलं ते गढूळ, मेंदूज्वरच. नंतर पायल माझ्याच मांडीवर होती, माझ्या तोंडावर खोकत.

९ नोव्हेंबर
पायल गेली. सकाळी पावणेदहाला.
डॉक्टर फार चिडले होते. हा जंतू धडधाकट माणसाच्या घशातही राहतो, लहानग्यांच्या मात्र मेंदूपर्यंत पोचतो, म्हणाले. लस टोचली असती तर वाचली असती, म्हणाले.
घरी येऊन प्रबुद्धचे मुके घेतले, आणि मग आठवलं, पायलचं तोंडावर खोकणं. माझा घसा —
आज टोचायला न्यायचं होतं. त्याचं अंग गरम लागतंय. डॉक्टर म्हणाले, आज थांबा, सकाळी दाखवा.

१० नोव्हेंबर
दूध घेत नाही. सासूबाई मात्र खुशीत. रोज तेल घालून टाळू भरतात, तरी खोलगटच राहायची. आज लय झ्याक वर आलीया म्हणाल्या, त्यांच्या तेलाचा गुण. मी बोट ठेवलं. ताठ. फुगलेली —
तशीच उचलून पळाले.

दुपार
पाठीतलं पाणी काढतायत. सासूबाई माझा हात धरून बसल्यात, पोर लुळं हुईल गं, न्हाई म्हण. मी सही केली. आई म्हणून मला बाहेर ठेवलंय.
फक्त सर्दी होती. डॉक्टर सांगत होते. मी सिस्टर असून —
सुई लागली की मुलं किती जोरात रडतात ते मला ठाऊक आहे. ते रडणं दारापर्यंत येतं. आता टोचली असेल. आता रडेल.
आता —