डेक्लन फेलनच्या तीन वेली

मी, नंदकुमार विनायक साठ्ये, वय ६८, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार वॉटरफोर्ड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी मृणालिनीस. तिने घर विकून ब्लँचर्डस्टाउनला मुलगी कौमुदी हिच्याजवळ राहावे. माझ्या आठवणीखातर इथे अडकू नये.

२. गवत कापायचे यंत्र मेहुणे गुरुनाथ यांस. कौमुदीच्या लग्नाचा मांडव दीडशे माणसांचा हवा, हा हट्ट त्यांचा. पण करवत माझ्या हातात होती, हेही इथेच नोंदवतो.

३. घरामागची जमीन, तीवरील द्राक्षवेलीसह, ब्रीड फेलन हिला. ती माझा शेजारी डेक्लन याची मुलगी. डेक्लनने त्या जागी काचघरात साठ वर्षे तीन वेली सांभाळल्या. दरसाल जेमतेम चाळीस बाटल्या वाइन करायचा, द्राक्षे पायांनी तुडवून. माझे बालपण तासगावच्या द्राक्षबागांतले, त्यामुळे आमचे छाटणीवरून भांडण आणि भांडणातून मैत्री झाली. २०१५ साली तो वृद्धाश्रमात गेला, तेव्हा वेली राहतील या माझ्या शब्दावर त्याने जमीन मला विकली.

पुढच्या जूनमध्ये लग्न होते. मांडवाला जागा हवी म्हणून मे महिन्यात मी काचघर पाडले आणि तिन्ही वेली बुंध्यापाशी कापल्या. बारीक घड लागलेले होते.

डेक्लनला सांगितले, काचघर वाऱ्याने पडले, वेली शाबूत आहेत. त्या नाताळात दुकानातली वाइन त्याच्या जुन्या बाटलीत ओतून नेली. त्याने एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला.

"ग्रँड आहे, नंद. माझी नाही. पण तुला यायला बाटली लागत असेल, तर आणत जा."

मी पुन्हा गेलोच नाही. वृद्धाश्रम गाडीने बारा मिनिटांवर होता. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तो वारला. दफनाच्या वेळी मी मागे उभा होतो. ब्रीड मुद्दाम माझ्यापाशी आली आणि वडिलांच्या वेली सांभाळल्याबद्दल तिने माझे आभार मानले. मी मान हलवली.

तीनपैकी एका बुंध्याला पुढे फूट आली. वर उल्लेखलेली वेल ती हीच.

४. हे सारे माझ्या पश्चात वकिलांनी ब्रीडला कळवावे, असे मी येथे लिहिले होते. मृणालिनीने वाचले आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हाही तुम्ही तिथे नसणारच."

ते वाक्य खोडले आहे. काल ब्रीडला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "रविवारी येते. तोवर त्या वेलीला हात लावू नका."

मी लावणार नाही.

सही: नं. वि. साठ्ये
वॉटरफोर्ड, १७ जानेवारी २०१९

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. या मृत्युपत्रान्वये आम्हांस काहीही मिळत नाही.
साक्षीदार: आशुतोष बर्वे, प्रभा निमकर