जप्त तवसे बियांसाठी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान निरीक्षक,
नवपालवी गृहसंकुल व्यवस्थापन कार्यालय,
सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व).

विषय : 'सडकी काकडी' म्हणून जप्त केलेले फळ येत्या गुरुवारपर्यंत परत देण्याविषयी.
संदर्भ : आपला पंचनामा, दि. ९ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. न समजणाऱ्याला तीच गोष्ट चौथ्यांदा सांगताना मला राग येत नाही. हा अर्ज त्याच सवयीने सावकाश लिहिला आहे. आपणही सावकाश वाचावा.

१. ब इमारतीच्या गच्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी मी संकुलातील अकरा मुलांना वेलींची ओळख करून देतो. त्यासाठी पिंपांत चार वेल लावले होते : बाजारात मिळते ती काकडी, तवसे, वाळूक आणि चिबूड. पाचवी चिराटी, कठड्याच्या कडेला आपली आपण उगवलेली. तिला वाटाण्याएवढी लाल फळे येतात आणि तीही काकडीच्याच गोतातली आहे. आपण पंचनाम्यात "काकडी १, तण ४" असे लिहिलेत व तण उपटवलेत. मुलांनी मला विचारले, तण म्हणजे काय? मी सांगितले, पाहणाऱ्याला ज्याचे नाव येत नाही ते.

२. आपण काकडी म्हणून राखलेला वेल वाळकाचा आहे. वाळूक आणि चिबूड ही खरबुजाची भावंडे. खऱ्या काकड्या दोनच होत्या, बाजारची आणि तवसे. त्या दोन्ही आपण उपटल्यात. इशिता नऊ वर्षांची आहे. काकडीचे पान टोकदार आणि वाळकाचे गोलसर, हे ती लांबून सांगते. आपल्या दारावरील पाटीवर मात्र आपली पदवी लिहिलेली आहे.

३. तपकिरी, जाळीदार सालीचे जे फळ आपणास सडके वाटले, ते तवसे बियाला ठेवले होते. असे फळ वेलावरच पिवळे आणि मग तपकिरी होऊ देतात. कोणी खुडू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधतात. तो दोरा पाहून आपण म्हणालात, "काका, सडलेल्या काकडीला राखी कुणी बांधलीय?" आपले दोन साक्षीदार हसले. मुलेही हसली, पण काकडीला नाही.

४. हे बी पाली गावच्या मॉलीबाईंच्या घरात सासूकडून सुनेकडे येत राहिले. त्यांच्या वेलांच्या मांडवाच्या जागेवर आता दुचाक्या उभ्या असतात. शेवटच्या सात बिया कागदाच्या पुडीत देताना त्या म्हणाल्या, "मास्तर, माझ्याकडं आता जागा न्हाय. तुमच्या पोरांना द्या." सातांतली एक उगवली. तिचे बियाला राखलेले फळ हे एकच. मॉलीबाईंकडे आता बी नाही, माझ्याकडेही नाही. आहे ते आपल्या कपाटात, मोहोरबंद प्लास्टिकच्या पिशवीत.

५. आपल्या कार्यालयातील सुरुचीताईंनी काल सांगितले की पिशवीतून वास येत असून शुक्रवारी ती कचऱ्याच्या गाडीत जाणार आहे. फळ पिशवीत घुसमटले, म्हणून सडू लागले. पंचनाम्यात लिहिलेले आपण पाच दिवसांत खरे करून दाखवलेत, एवढे श्रेय आपणास दिले पाहिजे. आतले बी अजून वाचू शकते. आणखी चार दिवसांनी वाचणार नाही.

६. तरी फळ परत करावे. जप्त वस्तू नियमाने देता येत नसेल, तर आपणच ते उभे चिरावे, गर आणि बी वाडग्यात काढून एक दिवस पाण्यात ठेवावे, तळाशी बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे. तिसरीतील मुले हे करतात. आपणास अवघड वाटल्यास सुरुचीताईंना विचारावे.

गुरुवारी मागच्या रांगेत आपल्यासाठी जागा ठेवतो. वही आणावी. उत्तर चुकले तरी माझ्या वर्गात कोणाला हसू देत नाही.

आपला, अजून तरी नम्र,
दशरथ भि. राऊळ
निवृत्त प्राथमिक शिक्षक
ब/३०४, नवपालवी गृहसंकुल
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) काकडी व वाळूक यांचे प्रत्येकी एक पान, वहीत दाबून वाळवलेले, नावासह.
२) अकरा मुलांच्या सह्या. निकेतला अजून सही येत नाही, त्याने तवसे काढले आहे.
३) काचेची रिकामी बाटली, एक. चिठ्ठी इशिताने लिहून चिकटवली आहे : "मॉलीआजीचे तवसे". बी त्यात भरून द्यावे.