दौऱ्याआधीची तपासणी

बाबा,

आज पेपरात पुन्हा तेच आलंय. आपली टीम पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाला निघतेय आणि सगळे जाणकार आत्तापासूनच माना हलवताहेत. सलामीच्या जोडीचा भरवसा नाही, एक फास्ट बोलर नुकताच दुखापतीतून उठलाय, उसळत्या चेंडूपुढे मधली फळी उभी राहायची नाही. चहा निवला तरी मी वाचत बसले. अवधपुरीतल्या या फ्लॅटमध्ये हल्ली मला कशाचाच उत्साह वाटत नाही, क्रिकेटचा तर नाहीच. तरी हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आणि मी नावांपुढे फुल्या मारायला लागले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण तुमची ही सवय घरातून काही गेली नाही.

फॅक्टरीत तुम्ही इन्स्पेक्शनला होतात. तयार होऊन आलेला प्रत्येक भाग दोनदा मोजायचा, पटला तर पास, नाहीतर रिजेक्ट. मग कुणी कितीही गळ घालो. टीम परदेशी निघाली की आदल्या रविवारी तुमच्या खात्यातले तिघं-चौघं गोविंदपुऱ्यातल्या आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जमायचे, आई पोहे करायची आणि तुम्ही तपासणीच्या एका कोऱ्या फॉर्मवर अकरा नावं लिहून टीमच तपासायला घ्यायचात. "मागे सरतो. रिजेक्ट." "मनगट छान आहे, पण बाहेरच्या चेंडूला बॅट घालतो. रिजेक्ट." शेजारचे काका कपाळावर हात मारून घेतात. "अरे साहब, टीम को उड़ने तो दो! आप तो यहीं गोविंदपुरा में हरवा दोगे." तुम्ही हसत नाही. खाली शेरा लिहिता, मालिका हरणार. बहुतेक वेळा आपण हरायचोच, त्यामुळे फॅक्टरीच्या टाउनशिपमध्ये तुमच्या शब्दाला वजन होतं.

त्याच शब्दानं माझा घास घेतला, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून मला नोकरीचं पत्र आलं होतं, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. स्वयंपाकघरात तुम्ही जेवत होतात. वरच्या दोन ओळी वाचून तुम्ही पत्राची घडी घातलीत. "तिथं तुझा टिकाव लागायचा नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की तुझा आवाज बसतो." आई म्हणाली, "अहो, निदान जाऊन तर बघू दे तिला." तुम्ही ताक वाढून घेतलंत. "मी खोटं पास करत नाही." मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

टीम तेव्हा दौऱ्यावरच होती, तुम्ही झाडून सगळी रिजेक्ट केलेली. पहाटेपासून रेडिओ चालू असायचा. एके दिवशी सकाळी मी कणीक मळतेय आणि व्हरांड्यात एकदम आरडाओरडा होतो, काका ओरडताहेत, "जीत गए! साहब, जीत गए!" ज्याच्या नावापुढे तुम्ही सगळ्यात आधी फुली मारली होती, त्यानंच शेवटच्या विकेटी काढल्या होत्या. तुम्ही आत आलात, गळ्यात मफलर तसाच. "माझं चुकलं," म्हणालात. हे शब्द तुमच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. "टीमच्या बाबतीत चुकलो, तसा तुझ्याही बाबतीत चुकलो असेन. तू जा पुण्याला. मी येतो सोडायला." मी मान वर केली नाही. म्हटलं, "आता काय उपयोग? रुजू व्हायची तारीख काल गेली."

तुम्ही तिथंच पाटावर बसलात. त्यानंतर तुम्ही टीम कधी तपासली नाहीत. काका बोलवायला आले की "छोड़िए, मुझे क्या समझ है" म्हणायचात, आणि मला फार राग यायचा, कुणाचा ते मी स्वतःलाही विचारलं नाही. मी टाउनशिपच्या शाळेत लागले, चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. नातेवाईक हळहळायचे, बाबांनी पोरीला अडवलं म्हणून. मी ऐकून घ्यायची. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलंत, "माझ्यामुळे राहिलीस ना गं?" आणि मी तुमच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिले. नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहवतंय. तारीख गेली नव्हती, बाबा. अजून सहा दिवस होते. सगळं दोनदा मोजणारे तुम्ही, माझा शब्द मात्र न तपासता घेतलात. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं, पण मला आतून हायसं वाटलं होतं. तुम्ही जा म्हणालात, तेव्हा मी घाबरले.