सुंदर जुळलेले हाड

वाशी, १२ नोव्हेंबर १९९६

प्रिय चारुलता,

आधी घटना क्रमाने मांडतो, अभिप्राय नंतर. रुग्ण स्त्री, वय ब्याऐंशी, वजन अडतीस किलो. काल सकाळी पावणेसातला न्हाणीघरात पडली. डाव्या खुब्याचे हाड मोडले. हिमोग्लोबिन नऊ, जुना दमा, नाडी अनियमित. काल दुपारी एका भूलतज्ज्ञाने पाहून भूल द्यायला नकार दिला, आज सकाळी दुसऱ्याने. दोघांचा सल्ला एकच, पायाला वजनाचे ट्रॅक्शन लावून सहा आठवडे निजवून ठेवा, पुढचे दैवावर सोडा. दोघांचे वाचन कच्चे आहे, असे मी म्हणणारच होतो. पण तीन वर्षांपूर्वी हेच मत माझे होते.

आपले ते दोन खोल्यांचे रुग्णालय तुला आठवते का? खिडकीबाहेर नुसता भराव आणि खाडीचा वास. शस्त्रक्रिया आटोपली की तू मास्क गळ्यात ओढून माझ्याच डब्यातली उसळ संपवायचीस आणि वर मलाच ऐकवायचीस, "राजवर्धन, तू हाडे बघ. हाडांभोवती माणूस असतो, तो माझ्याकडे सोड." मी तुझ्या नोंदींतल्या खाडाखोडीवर तांबड्या शाईने खुणा करायचो. तू त्या खुणांना मिशा काढून कागद परत पाठवायचीस. आज माझ्याकडे तीस खाटा आहेत आणि एकाही कागदावर खाडाखोड नाही. तरी त्या दिवसांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही. हे वाक्य दोनदा तपासले, बरोबर आहे.

मग शमसुन्निसाबी आल्या. कोपरखैरण्याच्या सादिकची आई, वय ऐंशी, चिमणीएवढी. तू म्हणालीस, दोन दिवसांत शस्त्रक्रिया करू, कमरेखाली भूल देते, लगेच उठवून बसवू. मी वय पाहिले आणि नाही म्हटले. पलंगाचा पायथा विटांवर चढवला, दोरीला वजन बांधून पाय ताणला, कोन अंशाअंशाने जुळवला. त्या रोज विनवायच्या, "दाक्तर, मना जरा बसवा. नमाज अशी आडवी किती दिस पढू?" मी हालचाल निषिद्ध ठरवली. तू पुन्हा मध्ये पडलीस, तेव्हा वॉर्डात सर्वांदेखत तुला म्हणालो, "भूल देणाऱ्याने भुलीपुरतेच बोलावे."

पाचव्या आठवड्यात पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला, आणि त्या गेल्या. सादिकने निघताना विचारले, "हाड तरी जुळलं होतं ना, डॉक्टर?" स्वरात टोमणा नव्हता. मी एक्स-रे उजेडाला धरून त्याला दाखवला. चारुलता, मी तो अभिमानाने दाखवला. तू दारात उभी होतीस. दुसऱ्या दिवशी तुझा राजीनामा टेबलावर होता, एकही खाडाखोड नसलेला.

नंतर मी पुष्कळ वाचले. म्हाताऱ्या माणसाला मोडलेले हाड मारत नाही, अंथरूण मारते, हे तू एकही संदर्भ न देता सांगितले होतेस. तुला तसे कळवायला तीन वर्षे लागली, कारण मला चूक कबूल करण्याची सवय नाही.

आता अभिप्राय. ही रुग्ण माझी आई आहे. काल रुग्णवाहिकेत तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "राजा, मला निजवून ठेवू नगंस रं. बसती कर, मग काय व्हायचं ते होऊ दे." तिच्यावर शस्त्रक्रिया मी स्वतः करणार आहे. तिचा श्वास मात्र मी तुझ्याखेरीज कुणाच्या हाती देणार नाही. उद्या सकाळी नऊची वेळ ठरवली आहे. तू थांब म्हणालीस, तर अर्ध्यावर सुरी खाली ठेवीन. हे पत्र आणणारे धर्मराज आमच्या वॉर्डातले जुने मदतनीस आहेत. सानपाड्याला तुझ्या दारात ते थांबतील. त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल क्षमा मागतो, आणि ती लेखी मागतो. तुझे उत्तरही मला लेखीच हवे. येतेस की नाही, एका ओळीत, सहीनिशी, आजच. तोंडी निरोप मी स्वीकारणार नाही.

तुझाच,
राजवर्धन