खर्जातली घंटा

चिरंजीव थोरल्यास,

पोटभर आशीर्वाद. कोणाचे ते ओळखलं नसशील तर सांगते. तू शाळेत जाताना दप्तर विसरायचास तेव्हा ते घेऊन धापा टाकत जी बाई यायची, ती मी. पुढे तू छत्र्या विसरलास, चष्मे विसरलास, स्वतःच्या लग्नात बूट विसरून चपला घालून आलास, तेव्हा कधीतरी आईचा नंबर लागणारच होता. तब्येत बरी ना? थोरल्या सूनबाईचा गुडघा काय म्हणतो? नातीचे पुढचे दात आले का? माझं विचारशील (विचारलं नाहीस, पण आपण धरून चालू) तर दात थोडे, कान त्याहून थोडे, जीभ मात्र होती तशी. पत्र धाकटी सून लिहून घेते आहे. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं असं ठरलंय. (भावजी, बुटांचं मी गाळणार होते. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. — धाकटी)

तर मागच्या खेपेला तू आलास, दारावरची बेल दाबत उभा राहिलास, मी आत तक्क्याला टेकून शांत बसलेली, आणि शेवटी तू खिडकीतून चढून आत आलास. पँट फाटली. त्या फाटक्या पँटीनिशी घराच्या मधोमध उभं राहून तू निकाल दिलास की आईला बेलसुद्धा ऐकू येत नाही, दुपारची एकटी ठेवणं धोक्याचं, महिनाअखेरीला मी घेऊन जाणार. बाबा रे, तुझं घर छान आहे, सोफा तर इतका मऊ की बसलेलं माणूस काढायला दोघं लागतात. पण मला माझी दुपार हवी. तुझा भाऊ आणि धाकटी कामावर गेले की हे घर माझं एकटीचं असतं. पाय पसरून बसावं, रस्त्यावरच्यांना नावं ठेवावीत. तिथे कोणाला ठेवू? तुम्हालाच ठेवावी लागतील.

धाकटी रेडिओ-पंखे दुरुस्त करते हे तुला आठवत असेल. (नसेल, म्हणून सांगते.) ती म्हणाली, आई, तुमचे कान गेलेले नाहीत, त्यांना फक्त पातळ आवाज पकडता येत नाही. जाड येतो. खरंच आहे. तुझ्या मावशीची कटकट मला ऐकू येत नाही, गल्लीतला ट्रक येतो. देव कनवाळू आहे. मग धाकटी म्हणाली, कान बदलता येत नाहीत तर बेल बदलू. खर्जातली करू.

आणि आम्ही केली! आम्ही म्हणजे मीसुद्धा, हसू नकोस. आठ पायांचा एक काळा किडा असतो, त्याला आयसी म्हणतात. तो स्पीकरला सारखे धक्के देतो. घाईने दिले की आवाज किनरा, सावकाश दिले की भरदार. त्याने किती घाई करायची ते ठरवतात रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे तांदळाएवढे मणी. त्यांच्या अंगावर अक्षर नसतं रे! रंगीत पट्टे असतात! ज्याने ही युक्ती काढली त्याची आई माझ्यासारखीच असणार. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे वस्तू ठेवली आणि म्हणालं, वाचा, आणि मी वाचली. तपकिरी, काळा, लाल. धाकटी डाग द्यायला बसायची, मी मणी निवडून द्यायचे, कथिलाची तार धरायचे, आणि धुराने खोकून घ्यायचे.

चूक एकच झाली, तीही तिच्या भाषेची. ती म्हणाली, तिसरा पट्टा पिवळा हवा. आता पिवळे काय एक आहेत? लिंबाचा पिवळा वेगळा, पिकल्या आंब्याचा वेगळा. मी आंब्याचा दिला. त्यांच्या धंद्यात आंब्याला नारिंगी म्हणतात म्हणे, आणि त्या एका पट्ट्याने किडा दहापट घाईला आला. बटण दाबलं. मला ढिम्म काही ऐकू आलं नाही. मी म्हणाले, वाया गेली मेहनत. बघते तर धाकटीने कानात बोटं घातलेली, आणि तुझा भाऊ साबण लावलेल्या तोंडाने न्हाणीतून बाहेर आलेला, काय झालं, काय झालं करत.

मग लिंबाचा बसवला. जुन्या रेडिओतला थाळीएवढा स्पीकर लाकडी खोक्यात घातला. धाकटी दाराशी बसून आवाज जाड-पातळ करायची खुंटी पिळत होती, मी आत तक्क्याशी. अजून खाली, म्हटलं. अजून. अजून जरा. आणि एकदम ओरडले, थांब! हात काढ तिथून!

तुझे वडील घोरत होते.

अगदी तेच रे. तोच खर्ज, तीच घरघर. त्यांच्या हयातभर मी त्या आवाजाला कोपरखळ्या मारल्या, आणि परवा दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प ऐकत बसले. धाकटीला म्हटलं, खुंटी आता इथेच डिंकाने चिकटव. तिने चिकटवली.

तेव्हा मला न्यायला येऊ नकोस. नातीला मात्र सांग की आजीने सर्किट बांधलं, आणि आजी वाचायला शिकली, बारा रंगांपर्यंत. (दहाच असतात, भावजी. सोनेरी-चंदेरी धरून बारा. बरोबर आहे त्यांचं. — धाकटी)

तुझी, अजून ऐकू येणारी,
आई

ता. क. धाकटी म्हणते, खरं ते लिहा, नाहीतर मी लेखणी ठेवते. काल दुपारी परीक्षा म्हणून ती बाहेरून बेल दाबत राहिली आणि शेवटी तुझ्याच खिडकीतून आली. मला ऐकू आलं होतं! पहिल्या घरघरीलाच आलं. पण इतक्या वर्षांची सवय, तो आवाज कानावर पडला की मी कूस बदलते आणि मला गाढ झोप लागते.

ता. क. दुसरा. खुंटी हलवू देणार नाही. त्यापेक्षा दुपारची जागी राहीन. म्हणून भाजलेल्या शेंगा पाठव, चांगली मोठी पिशवी भरून. सोललेले दाणे पाठवशील तर याद राख. सोलत बसलेल्या माणसाला झोप लागत नाही.